न पाहणारा धनी

गेल्या वैशाखांत वाईचें आमचें वडिलार्जित घर विकलें गेलें. घर विकण्याचें दुःख हा या लेखाचा विषय नव्हे. तें ज्याचें त्यानें मुकाट्यानें सोसावें हेंच बरें. परंतु घराचे पैसे झाले आणि त्या पैशांनीं माझ्यापुढें असा एक प्रश्न टाकला, कीं तीस वर्षें महाविद्यालयांत नीतिशास्त्र शिकवूनहि त्याचें उत्तर मला चटकन् देतां आलें नाहीं. पैशांचे वांटे दोन होते. एक माझा व एक माझ्या थोरल्या बहिणीचा. आक्का प्राथमिक शाळेंत शिक्षिका होती. यजमान जाऊन तिला दहा वर्षें झालीं. निवृत्तिवेतनावर ती एकटीच साताऱ्यास राहते. वांटणीचा कागद माझ्या हातीं परत देतांना ती एवढेंच म्हणाली, "बाळ, मला यांतलें कांहीं कळत नाहीं. तूं पाहशील तें खरें."

पुढें दिवाळीच्या सुटींत मुलगी मुंबईहून घरीं आली, तेव्हां हा विषय निघाला. ती हिशेबनिसाचा व्यवसाय करते व या बाबतींत माझ्याहून पुष्कळच जाणती आहे. ती म्हणाली, "बाबा, यांत एवढा विचार कसला करायचा? निफ्टीचा ई. टी. एफ. घ्या आणि वीस वर्षें त्याच्याकडे पाहूंच नका. न पाहणें हाच त्याचा मोठा गुण आहे."

एकीनें सांगितलें, तूं पाहा. दुसरीनें सांगितलें, पाहूं नका. या दोन वाक्यांमध्यें मी कित्येक आठवडे अडकून पडलों होतों. आपल्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं निवृत्तीचे, विम्याचे किंवा जमीनजुमल्याचे पैसे येऊन असाच प्रश्न उभा राहत असेल, म्हणून माझा विचार ज्या वाटेनें गेला ती वाट येथें मांडतों.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. शेअरबाजाराचा निर्देशांक म्हणजे कांहीं निवडक कंपन्यांच्या किंमतींवरून काढलेला एक आंकडा. निफ्टी हा १९९६ सालीं सुरू झालेला निर्देशांक पन्नास मोठ्या कंपन्यांचा आहे. ज्या कंपनीच्या बाजारांत फिरणाऱ्या शेअरांची एकंदर किंमत अधिक, तिचें वजन त्यांत अधिक. आतां एखाद्या फंडानें ठरविलें, कीं कोणती कंपनी चांगली व कोणती वाईट हा विचारच करावयाचा नाहीं. त्या पन्नासहि कंपन्या त्याच प्रमाणांत घेऊन ठेवावयाच्या. हा झाला निर्देशांक-फंड. आणि अशा फंडाचा अंश एखाद्या कंपनीच्या शेअरासारखा बाजारांत दिवसभर घेतां-विकतां येऊं लागला, म्हणजे त्यास ई. टी. एफ. म्हणतात.

निर्देशांक-फंडाची कल्पना सामान्य माणसाच्या दारांत आणली ती अमेरिकेंत जॉन बोगल यांनीं, १९७६ सालीं. पंधरा कोटी डॉलर गोळा होतील अशी अपेक्षा होती. जमले एक कोटी तेरा लाख. शहाण्यांनीं त्यास बोगलचा वेडेपणा असें नांव दिलें. बाजाराच्या सरासरीवर संतुष्ट राहावें, हा उपदेश त्या देशाच्या महत्त्वाकांक्षी वृत्तीस मानवणारा नव्हता. पुढें १९८७ च्या ऑक्टोबरांत एका दिवसांत तेथील बाजार शेंकडा बावीसहून अधिक कोसळला. त्यानंतर सगळा बाजार एका गाठोड्यांत बांधून विकतां येईल काय, या विचारास जोर आला. अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजमधील नेथन मोस्ट यांस पूर्वीं मालाच्या व्यापाराचा अनुभव होता. वखारींत माल जागच्या जागीं पडून राहतो आणि त्याची पावती मात्र दहा हातांतून फिरते, हें त्यांनीं पाहिलेलें होतें. त्याच न्यायानें शेअर वखारींत ठेवावे व पावती बाजारांत फिरूं द्यावी, असें त्यांनीं योजिलें. आणि जानेवारी १९९३ मध्यें अमेरिकेंतील असा पहिला फंड बाजारांत आला. आपल्याकडे डिसेंबर २००१ मध्यें ‘निफ्टी बीज’ हा या जातीचा पहिला फंड निघाला. २००७ सालीं सोन्याचा निघाला. ऑगस्ट २०१५ पासून कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीच्या नव्या ठेवींचा कांहीं भाग याच मार्गानें शेअरबाजारांत जाऊं लागला. म्हणजे ज्या कारकुनानें वा कारखान्यांतील कामगारानें शेअरबाजाराची पायरीहि कधीं पाहिली नाहीं, त्याच्या म्हातारपणाच्या शिदोरींतहि आज या पन्नास कंपन्यांचा अंश आहे.

पावती आणि वखारींतील माल यांची किंमत एकमेकींस धरून कशी राहते, हेंहि समजून घेतलें पाहिजे. समजा, एका युनिटामागें १०० रुपयांचे शेअर आहेत आणि बाजारांत तें युनिट १०२ रुपयांस विकलें जात आहे. तर मोठा व्यापारी १०० रुपयांचे शेअर गोळा करून फंडाच्या दारीं नेऊन घालतो, त्यांच्या बदल्यांत नवें युनिट घेतो व तें १०२ स विकून टाकतो. युनिटांचा पुरवठा वाढतो आणि किंमत खालीं येते. किंमत ९८ झाली तर हाच व्यवहार उलटा होतो. व्यापाऱ्याच्या लोभानेंच पावतीस मालाशीं बांधून ठेविलें आहे. मात्र वखारीचें दार उघडें पाहिजे, ही अट लक्षांत असावी.

या फंडाचा मोठा गुण स्वस्ताई हा आहे, आणि तो लहान गुण नव्हे. विल्यम शार्प यांनीं १९९१ सालीं एक साधा हिशेब मांडला. बाजारांतील सर्व शेअर कोणाच्या ना कोणाच्या मालकीचे असतातच; म्हणून निवड करणारे सर्व गुंतवणूकदार एकत्र घेतले तर खर्चापूर्वीं त्यांस सरासरीइतकेंच मिळणार, आणि खर्च वजा जातां सरासरीहून कमी. एक जिंकतो तें दुसरा हरतो म्हणून. दलाल व सल्लागार मात्र दोघांकडूनहि घेतो. या खर्चाचा परिणाम किती होतो पाहा. एक लाख रुपये दर साल शेंकडा दहानें वाढले असें केवळ हिशेबापुरतें धरलें, तर तीस वर्षांनीं त्यांचे सुमारें साडेसतरा लाख होतात. त्यांतून दर वर्षीं दीड टक्का व्यवस्थापनाच्या खर्चांत गेला, तर साडेअकरा लाखांच्या किंचित् वर होतात. जवळजवळ सहा लाखांचें हें अंतर कोणी चोरलेलें नसतें. तें केवळ झिरपून जातें. निर्देशांक-फंडाचा खर्च शंभर रुपयांस कांहीं पैसे इतकाच असतो. ज्या विधवेस बाजार कळत नाहीं तिला फसविणाऱ्यांची संख्या या जगांत थोडी नाहीं. अशा जगांत जी वस्तु तिचें झिरपणें थांबविते, तिला नीतिशास्त्रानें आधीं नमस्कार करावा आणि मग प्रश्न विचारावे.

शिवाय न पाहण्याचेहि दोन प्रकार आहेत. अमेरिकेंतील यादवीमुळें मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला, तेव्हां १८६४-६५ सालीं याच मुंबईनें शेअरांचें जें वेड पाहिलें तें प्रसिद्ध आहे. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या, बँका, वित्तसंस्था निघाल्या आणि प्रेमचंद रायचंदांसारख्या हुषार पुरुषासहि त्या लाटेनें बुडविलें. त्या वेळीं लोकांनीं न पाहतांच घेतलें. पण आपणांस दिसत आहे अशी प्रत्येकाची खात्री होती. निर्देशांक-फंड घेणाऱ्याचें न पाहणें निराळें आहे. ‘मला दिसत नाहीं’ हें तो आरंभींच कबूल करतो. पहिल्या न पाहण्याच्या बुडाशीं लोभ होता. दुसऱ्याच्या बुडाशीं एक प्रकारचा विनय आहे.

असो. आतां आक्षेपांकडे वळूं. आणि त्यांपैकीं सोपा आक्षेप आधीं घेऊं.

तो असा, कीं ही वस्तु मुळांत चांगली असली तरी तिच्या नांवाखालीं भलभलत्या वस्तू विकल्या जातात. हें खरें आहे. जो फंड न पाहतां जपून ठेवण्यासाठीं निर्माण झाला, तो दिवसभर विकतां येतो म्हणून लोक दिवसभर विकूं लागले. स्वतः बोगल यांस ई. टी. एफ. आवडत नसे तें याच कारणास्तव. अमेरिकेंत तर निर्देशांकाच्या रोजच्या चढउताराच्या दुप्पट देणारे फंड निघाले. दुप्पट हा शब्द ऐकून माणूस भुलतो. निर्देशांक १०० वरून ९० वर आला व दुसऱ्या दिवशीं पुन्हां १०० झाला, तर साध्या फंडाचें कांहीं गेलें नाहीं. दुप्पट फंडाचे मात्र पहिल्या दिवशीं ८० झाले आणि दुसऱ्या दिवशीं सुमारें ९७ रुपये ७८ पैसे. निर्देशांक जागच्या जागीं, आणि याचे सव्वादोन रुपये गेले! फेब्रुवारी २०१८ मध्यें, बाजार शांत राहील यावर पैज लावणारा एक्स-आय-व्ही नांवाचा एक रोखा एका दिवसांत नऊ दशांशांहून अधिक किंमत गमावून बसला व लौकरच बंद झाला.

साध्या फंडांतहि वखारीच्या दाराची अट आहेच. २४ ऑगस्ट २०१५ च्या सकाळीं न्यूयॉर्कच्या बाजारांत मोठे व्यापारी क्षणभर मागें सरले, तेव्हां कित्येक ई. टी. एफ. आंतील मालाच्या किंमतीहून फार खालीं विकले गेले आणि हजाराहून अधिक वेळां व्यवहार थांबवावे लागले. आपल्याकडे २०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर चांदीची टंचाई झाली, तेव्हां चांदीचे फंड आंतील चांदीहून महाग विकले गेले. म्हणजे घाईघाईनें घेणाऱ्यानें पावतीसाठीं मालाहून अधिक पैसे मोजले. परंतु हे सारे दोष वापराचे आहेत. सुरीनें भाजी चिरावी कीं बोट, हा प्रश्न सुरीचा नव्हे. ज्यास वीस वर्षें थांबावयाचें आहे त्यानें दुपटीच्या वाटेस जाऊं नये आणि धांदलीच्या सकाळीं बाजारांत शिरूं नये, एवढें सांगितलें कीं हा आक्षेप बहुतांशीं मिटतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. बिरबलाच्या नांवावर एक गोष्ट सांगतात. बादशहानें हुकूम केला, कीं रात्रीं प्रत्येकानें हौदांत एक घागर दूध ओतावें. प्रत्येकानें विचार केला, एवढ्या दुधांत माझें एक घागर पाणी कोणास कळणार? सकाळीं पाहतात तों हौद पाण्यानें भरलेला. शेअराची योग्य किंमत हें असेंच सार्वजनिक हौदांतलें दूध आहे. कोणी तरी ताळेबंद वाचतो, कारखान्यावर जाऊन पाहतो, थापाड्या संचालकास ओळखतो, म्हणून ती किंमत कांहीं तरी अर्थाची असते. निर्देशांक-फंड घेणारा या मेहनतीचें फळ फुकट खातो. सर्वांनींच असें केलें तर? कँटच्या नीतिशास्त्रांतील प्रसिद्ध कसोटी हीच आहे: तुझ्या वागण्याचा नियम सर्वांचा नियम व्हावा असें तूं इच्छूं शकतोस काय?

या कसोटीचा मी चाहता आहें. पण ती डोळे मिटून लावली तर भलताच निकाल देते. सर्वांनीं प्राध्यापक व्हावें असें मी इच्छूं शकत नाहीं, कारण मग शेत कोण नांगरील? म्हणून प्राध्यापक होणें अनीतीचें ठरत नाहीं. श्रमविभाग आणि फुकटेपणा यांत भेद आहे, आणि तो असा: जो काम करतो त्यास त्याचा मोबदला मिळतो काय? येथें अर्थशास्त्रज्ञांनीं मोठें मार्मिक उत्तर देऊन ठेविलें आहे. ग्रॉसमन व स्टिग्लिट्झ यांनीं १९८० सालीं दाखविलें, कीं किंमतींत सर्व माहिती पूर्णपणें उतरलेली असेल तर माहिती काढण्याचा खर्च कोणीच करणार नाहीं. म्हणून किंमती अशा पूर्ण कधींच असूं शकत नाहींत. पाहणाऱ्यास त्याच्या पाहण्याची मजुरी मिळेल एवढी चूक किंमतींत नेहमी उरते. पाहणारे कमी झाले म्हणजे चुका वाढतात, चुका वाढल्या म्हणजे पाहण्याची मजुरी वाढते, आणि मजुरीच्या ओढीनें कांहीं लोक पुन्हां पाहूं लागतात. बिरबलाच्या हौदांत दूध ओतणाऱ्यास कांहीं मिळत नव्हतें. या हौदांत ओतणाऱ्यास मिळतें.

हें उत्तर सर्वस्वी निर्दोष आहे असें मात्र नाहीं. बेन-डेव्हिड, फ्रांझोनी व मूसावी यांच्या २०१८ सालच्या निबंधांत असें दिसून आलें, कीं जे शेअर ई. टी. एफ.च्या ताब्यांत अधिक, त्यांची किंमत अधिक हिंदकळते. गाठोडें हललें कीं आंतील सारींच भांडीं वाजतात. तथापि एकंदर पाहतां, किंमतीची राखण करावयास लोभ जागा आहे आणि तो सहसा झोंपत नाहीं, असें म्हणावयास हरकत नाहीं. दुसऱ्या आक्षेपांतून आपण जखमी होऊन, पण जिवंत बाहेर पडतों.

तिसऱ्यापाशीं मी अडलों. त्याचें कारण माझे वडील.

नानांपाशीं एका गिरणीचे दहा शेअर होते. एके वर्षीं ते स्वतःच्या खर्चानें मुंबईस जाऊन त्या कंपनीच्या वार्षिक सभेस बसले व कापसाच्या सांठ्याविषयीं एक प्रश्न विचारून आले. लाभांशाहून गाडीभाडें अधिक झालें म्हणून आई पुष्कळ दिवस हंसत होती. नाना म्हणत, "धनी म्हणवून घ्यायचें तर विचारावें लागतें." त्यांचा दुसरा नियम असा होता, कीं जो धंदा आपल्या ओसरीवर चालूं देणार नाहीं त्याचा नफाहि घरांत घ्यावयाचा नाहीं. धाकटे काका तंबाखूच्या व्यसनापायीं गळ्याच्या विकारानें गेले होते. तेव्हांपासून तंबाखूच्या कंपनीचा शेअर, कितीहि चांगला असला तरी, आमच्या घरांत येणें शक्य नव्हतें. आतां निफ्टीच्या पन्नास कंपन्यांत आय. टी. सी. आहे. १९१० सालीं ती कलकत्त्यास इंपीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया या नांवानें निघाली आणि आजहि तिचा सिगारेटचा धंदा मोठा आहे. नानांच्या घराच्या पैशांनीं मी तिचा अंश घेणार, आणि तोहि आक्काच्या नांवें!

मुलीस हें सांगितलें तेव्हां ती हंसली नाहीं. पण तिनें मला स्वयंपाकघरांत नेऊन पिठाची पिशवी दाखविली. त्याच कंपनीचें पीठ आमच्या पोळ्यांत कित्येक वर्षें आहे. ती म्हणाली, "आणि बाबा, तुमचा विमा? विमा महामंडळाकडेहि या कंपनीचे पुष्कळ शेअर आहेत. बँकेंतली ठेव बँक कोणाला कर्जाऊ देते, तें तुम्ही कधीं विचारलें होतें?" याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. नानांचें सोंवळें त्या काळींहि कदाचित् त्यांना वाटत होतें तितकें कडक नव्हतें. आजच्या काळांत तर तें कोणासहि शक्य नाहीं. परंतु पूर्ण शुद्धि अशक्य आहे, म्हणून सर्व अशुद्धि सारखीच, असें अनुमान काढणें ही आळशाची पळवाट होय. रस्त्यावर धूळ आहे म्हणून कोणी पाय धुणें सोडीत नाहीं.

मग येथें भेद कशानें करावा? मला वाटतें, दोन गोष्टींनीं: आपणांस काय ठाऊक आहे आणि आपल्या हातीं काय आहे. बँकेंतील ठेवीदार धनी नसतो, सावकार असतो. बँकेच्या ऋणकोंवर त्याचा अधिकार नाहीं. शेअर घेणारा धनी असतो. धन्यास मत असतें. आणि निर्देशांक-फंडाच्या व्यवस्थेंत नेमकें हें मतच अधांतरीं लोंबकळूं लागतें.

सत्यम् कंपनीचें उदाहरण घ्या. ७ जानेवारी २००९ रोजीं तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनीं सात हजार कोटींहून अधिक रकमेचे हिशेब खोटे असल्याचें पत्रानें कबूल केलें. त्या दिवशीं ती कंपनी निफ्टींत होती. दिवसभरांत तिच्या शेअराची तीन चतुर्थांशाहून अधिक किंमत गेली व थोड्याच दिवसांत निर्देशांकांतून तिचें नांव काढलें गेलें. निर्देशांक-फंड घेणाऱ्याचें नुकसान पन्नास कंपन्यांत वांटलें गेल्यामुळें थोडें झालें, हा फंडाचा गुणच. पण नुकसान वांटल्यानें थोडें होतें, तशी जबाबदारीहि वांटल्यानें थोडी होते काय? लबाडी उघडकीस कशी आली हें पाहण्यासारखें आहे. त्याच्या तीनच आठवडे आधीं राजूंनीं आपल्या कुटुंबाच्या दोन कंपन्या सत्यमच्या पैशांनीं विकत घेण्याचा घाट घातला होता. पाहणारे गुंतवणूकदार खवळून उठले. कांहींनीं शेअर विकले, कांहींनीं जाब विचारला, आणि तो बेत कांहीं तासांत मागें घ्यावा लागला. खोट्या मालमत्तेच्या जागीं खरी घालण्याचा तो शेवटचा प्रयत्न होता, असें राजूंनींच पुढें पत्रांत लिहिलें. ज्यांनीं पाहिलें त्यांनीं झांकण उचललें.

अल्बर्ट हर्शमन यांनीं १९७० सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत म्हटल्याचा भावार्थ असा, कीं संस्था बिघडूं लागली म्हणजे माणसापुढें दोन मार्ग असतात: निघून जाणें, नाहीं तर बोलणें. निर्देशांक-फंडास निघून जातां येत नाहीं. कंपनी निर्देशांकांत आहे तोंवर ती त्याच्या गळ्यांत बांधलेली. उरलें फक्त बोलणें. आणि बोलण्याचा खर्च एका फंडानें करावा व लाभ सर्व भागधारकांस सारखा मिळावा, अशी स्थिति असल्यामुळें, ज्याचा सारा धंदा खर्च वांचविण्यावर उभा आहे तो फंड बोलेल कशाला? किंमत पाहणाऱ्यास बाजार मजुरी देतो. कंपनीची चाल पाहणाऱ्यास कोणी देत नाहीं. म्हणजे बिरबलाचा हौद खराखुरा आहे तो येथें. अमेरिकेंत तर आणखी एक विपरीत गोष्ट झाली आहे. ब्लॅकरॉक, व्हॅनगार्ड व स्टेट स्ट्रीट या तीन संस्थांपाशीं कोट्यवधि न पाहणाऱ्यांचीं मतें येऊन सांठलीं आहेत. थोड्याशा लोकांच्या हातीं एवढी सत्ता असणें राष्ट्राच्या हिताचें नाहीं, असा इशारा २०१८ सालीं दिला तो खुद्द बोगल यांनीं. आपल्या उभ्या आयुष्याच्या यशावर असें बोट ठेवणारा मनुष्य विरळा.

आतां साखळी पाहा. आक्का पाहत नाहीं, कारण मी पाहतों. मी पाहत नाहीं, कारण फंड पाहतो. फंड पाहत नाहीं, कारण निर्देशांकाच्या यादींत नांव आहे. आणि यादी करणारा पाहतो तें शेअरांची किंमत आणि खरेदी-विक्री. हिशेब खरा कीं खोटा, धंदा भला कीं बुरा, हें पाहणें त्याचें काम नाहीं. प्रत्येकानें विश्वासानें पुढच्याच्या खांद्यावर हात ठेविला आहे, आणि सर्वांत पुढें कोणीच नाहीं. विश्वास ठेवणें हा दोष नव्हे; आक्कानें माझ्यावर ठेविला तो योग्यच होता. दोष आहे तो विश्वास घेऊन तसाच पुढें ढकलण्यांत.

म्हणून मला असें वाटतें, कीं निर्देशांक-फंड घेणाऱ्याचें कर्तव्य संपत नाहीं. त्याची जागा बदलते. कोणता शेअर घ्यावा हें पाहण्याच्या श्रमांतून तो मोकळा झाला. त्या श्रमांचा एक लहानसा अंश, आपलें मत आपल्या वतीनें कोण व कसें देतो हें पाहण्यासाठीं, त्यानें राखून ठेविला पाहिजे. हें अशक्य नाहीं. सेबीच्या नियमांनीं १ एप्रिल २०२२ पासून म्युच्युअल फंडांस, निर्देशांक-फंडांसकट, कंपन्यांच्या सर्व ठरावांवर मत देणें बंधनकारक केलें आहे. तें मत कोणत्या बाजूनें व कां दिलें हेंहि प्रसिद्ध करावें लागतें. म्हणजे नानांना ज्यासाठीं गाडीभाडें खर्चावें लागलें तें आज घरबसल्या वाचावयास मिळतें. वाचणारा नसतो, एवढेंच. हजार वाचकांपैकीं दहांनीं वाचून फंडास पत्र लिहिलें, तरी मत देणाऱ्या अधिकाऱ्यास आपल्यामागें डोळे आहेत हें कळेल. श्रावणी सोमवारच्या कहाणींतील म्हातारीनें खुलभरच दूध नेलें होतें. गाभारा भरला तो त्या खुलभर दुधानें. तिनें आधीं घरचीं लेंकरें-वासरें तृप्त केलीं होतीं, हेंहि विसरूं नये.

तीच तिची रीत मी या व्यवहारांत उचलली. आक्काच्या वांट्यांतून पुढल्या दहा वर्षांच्या औषधपाण्यास व अडीअडचणीस लागेल एवढी रक्कम बँकेंत ठेविली. ज्या पैशांची निकड आहे तो पैसा कितीहि उत्तम फंडांत घालूं नये. २३ मार्च २०२० रोजीं एका दिवसांत निफ्टी शेंकडा तेरा पडला होता. ज्यास त्या आठवड्यांत पैसे काढणें भाग होतें त्यास वीस वर्षांची सरासरी सांगून उपयोग नव्हता. उरलेले तिचे व माझे पैसे निफ्टीच्या फंडांत घातले. तंबाखूचें काय, तें कोडें मला पुरतें सुटलें नाहीं. त्या नफ्याचा हिशेब करून तेवढें दान द्यावें असें मनांत आलें होतें. पण दान देऊन पाप धुवून घेणें हाहि एक प्रकारचा सौदाच, म्हणून तें सोडून दिलें. हा डाग आपल्या मालकीवर आहे हें उघड मान्य करणें मला अधिक प्रामाणिक वाटलें.

परवां साताऱ्यास गेलों तेव्हां आक्कापुढें बसून पन्नासहि नांवें तिला वाचून दाखविलीं. ती चष्मा लावून ऐकत होती. तंबाखूच्या कंपनीपाशीं तिनें हातानें थांबविलें.

"हें नानांनीं घेतलें नसतें," ती म्हणाली.

"नसतेंच घेतलें," मी म्हणालों, व मुलीनें सांगितलेलें सारें तिला समजावून दिलें. तिनें तें नीट ऐकून घेतलें. मग म्हणाली, "बरें. पण दर वर्षीं हीं नांवें मला अशींच वाचून दाखवीत जा. काय आपलें आहे तें ठाऊक तरी असावें."

मुलीच्या मतें ही भावुकता आहे. आक्काच्या ऐकण्यानें पन्नासांपैकीं एकाहि कंपनीचा कारभार सुधारणार नाहीं. तें खरें आहे. पण ज्या धन्यास आपलें काय आहे हेंच ठाऊक नाहीं तो कोणास काय विचारणार? जाणून घेणें ही विचारण्याची पहिली पायरी आहे. आक्का सत्तरीच्या घरांत आहे, आणि बाजार तिला कळत नाहीं. तरी ती त्या पायरीवर चढली. फंडास पत्र लिहिण्याचें काम तिनें माझ्याकडे दिलें आहे, आणि तें मी पुढें ढकलणार नाहीं.